रानांत निजण्याची झोळी : पहिली खरेदी कशी करावी?

‘झोळी’ हा शब्द आपणां मराठी माणसांस मुळींच नवा नाहीं. तान्ह्या मुलास निजविण्याकरितां घरच्या तुळईस जुन्या लुगड्याची झोळी बांधतात. आणि डोंगरांतील दुर्गम वाड्यांवरून आजारी माणसास बांबूस टांगलेल्या झोळींत घालूनच खालच्या रस्त्यापर्यंत आणावें लागतें. दोन झाडांच्या मध्यें टांगून जींत मोठा मनुष्य रात्रभर निजूं शकतो अशी जी कापडी झोळी ‘हॅमॉक’ ह्या नांवानें बाजारांत मिळते, ती ह्याच कुळांतली होय. सहलींच्या व शिबिरांच्या निमित्तानें पुष्कळ विद्यार्थी आतां घरीं तिची मागणी करूं लागले आहेत. तंबूपेक्षां ती हलकी असते, पिशवीच्या कोपऱ्यांत मावते, आणि खालची जमीन ओली, उतरती किंवा खडकाळ असली तरी तींत निजणारास त्याची फिकीर नसते. तेव्हां ही मागणी अवाजवी आहे असें म्हणतां येणार नाहीं. परंतु दुकानांत गेल्यावर नाना रंगांच्या व नाना किंमतींच्या झोळ्या पाहून मन गोंधळून जातें, आणि बहुधा जी दिसावयास सुंदर व किंमतीस कमी तीच घरीं येते.

अशी झोळी घेऊन गेलेल्या मुलांची तक्रार ठरलेली असते : पाठ वांकून गेली, गुडघे दुखले, झोंप म्हणून आली नाहीं. मग कोणी तरी सल्ला देतो कीं, “झोळी जरा ताणून बांध, म्हणजे सपाट होईल.” हा सल्ला वरवर पाहतां शहाणपणाचा दिसतो, परंतु तो पाळल्यानें सुख तर लाभत नाहींच, उलट धोका मात्र उत्पन्न होतो. तो कसा, हें पुढें सांगणार आहें. ह्या लेखाचें मुख्य सूत्र एकच आहे, तें असें : झोळींत झोल हवा. जी झोळी पुरेसा झोल देऊन बांधतां येते आणि तरीहि जींत अंग सरळ राहतें, ती चांगली. आणि हे दोन्ही गुण येण्यास ती पुरेशी लांब असावी लागते. म्हणून प्रथम लांबी पाहावी, मग टांगण्याचे पट्टे पाहावे, आणि रंग, खिसे व इतर सजावट ह्यांचा विचार सर्वांच्या मागाहून करावा.

झोळीचें मूळ स्थान अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांत आहे. सन १४९२ सालीं कोलंबस पश्चिमेकडील बेटांवर उतरला, तेव्हां तेथील ताइनो लोक दोन टोकांस बांधलेल्या सुताच्या जाळ्यांत निजतांना त्याच्या लोकांस आढळले. त्या लोकांचाच ‘हमाका’ हा शब्द स्पॅनिश भाषेंत गेला व त्यावरून पुढें इंग्रजी ‘हॅमॉक’ हा शब्द झाला. दमट व किड्यामुंग्यांनीं भरलेल्या जमिनीपासून अंग वर राहावें, हाच त्या शोधाचा हेतु. युरोपांतील खलाशांनीं ही युक्ति लवकरच उचलली. कारण जहाज डोलूं लागलें म्हणजे टांगलेली झोळी आपल्या जागीं समतोल राहते व निजलेला खलाशी खालीं पडत नाहीं. इंग्लंडच्या जुन्या लढाऊ जहाजांवर एकेका खलाशास झोळी टांगण्यासाठीं अवघी १४ इंच रुंदीची जागा मिळत असे. निम्मे लोक पाळीवर असल्यामुळेंच ती कशीबशी पुरे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन लष्करानें पॅसिफिकमधील जंगलांत लढणाऱ्या शिपायांसाठीं वर पावसाचें छत व भोंवतीं डांसांची जाळी शिवलेली झोळी तयार केली. आज बाजारांत रानासाठीं म्हणून जी झोळी मिळते, ती ह्या सर्वांची वारस होय. आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ब्राझील देशाच्या उत्तर भागांत असंख्य घरांतून लोक आजहि पलंगाऐवजीं झोळींत निजतात. तेथील झोळ्या ऐसपैस असतात, सैल टांगलेल्या असतात, आणि निजणारा त्यांत उभा न पडतां तिरपा पडतो. जे लोक पिढ्यान्पिढ्या झोळींत निजत आले त्यांची ही रीत आहे. आणि नवशिक्यास जी अडचण येते तिचें उत्तरहि हिच्यांतच आहे.

आतां ताणाचा विचार करूं. दोघांनीं मिळून पाण्यानें भरलेली बादली उचलली आहे अशी कल्पना करा. दोघे जवळजवळ चालले, म्हणजे प्रत्येकास निम्मेंच वजन वाटतें. तेच दोघे एकमेकांपासून दूर सरकले व हात आडवे होऊं लागले, म्हणजे बादली तीच असूनहि हात तुटूं लागतात. कपडे वाळत घालण्याची दोरी अगदीं ताठ बांधली असतां तिच्यावर एक ओली चादर टाकतांच खुंटी उपटून येते, याचेंहि कारण हेंच. दोरी जितकी आडवी तितका तिच्यावरील ताण अधिक. वरच्या वर्गांतील विद्यार्थी बलांच्या समांतरभुज चौकोनावरून हें स्वतः काढून पाहूं शकतील.

झोळीच्या बाबतींत हा हिशेब असा येतो. निजणाराचें वजन ६० किलोग्रॅम धरूं. टांगण्याचे पट्टे आडव्या रेषेशीं ३० अंशांचा कोन करीत असतील, तर प्रत्येक पट्ट्यावर ६० किलोग्रॅम इतकाच ताण पडतो. तोच कोन १५ अंश केला तर ताण सुमारें ११६ किलोग्रॅम होतो; १० अंशांवर तो सुमारें १७३ किलोग्रॅम होतो; आणि झोळी जवळजवळ ताठ करून कोन ५ अंशांवर आणला, तर तोच ताण सुमारें ३४४ किलोग्रॅमवर जातो. मनुष्य तोच, वजन तेंच. केवळ ओढून बांधल्यामुळें पट्टे, शिवण, कड्या व झाडें ह्यांवरील भार जवळजवळ सहापट झाला! त्यांत मुलानें धपकन उडी मारून बसावें, म्हणजे तो क्षणभर आणखी वाढतो. दुकानदार “दोनशें किलो वजन सहज पेलते” असें सांगतो, तेव्हां तें योग्य झोल दिलेल्या झोळीपुरतें समजावें. ताठ बांधलेल्या झोळीस तें लागू नाहीं.

म्हणून ३० अंशांचा कोन हा नियम मानावा. तो मोजण्यास निराळें यंत्र नको. विद्यार्थ्यांच्या कंपासपेटींत ३० व ६० अंशांचा गुण्या असतोच. त्याची लांब सरळ बाजू आडवी धरून ३० अंशांचें टोंक झाडाच्या बाजूकडून पट्ट्याखालीं धरलें, म्हणजे पट्टा किती उतरता आहे हें तत्काळ कळतें. दुसरी एक सोपी युक्ति अशी कीं, झोळीच्या दोन टोकांच्या मध्यें वरच्या बाजूस एक बारीक, न ताणणारी दोरी कायमची बांधून ठेवावी. तिची लांबी झोळीच्या लांबीच्या शेंकडा ८३ इतकी असावी. म्हणजे १० फूट झोळीस ही दोरी सुमारें ८ फूट ४ इंच, आणि ११ फूट झोळीस सुमारें ९ फूट दीड इंच. मग झाडें जवळ असोत कीं दूर असोत, झोळीचा झोल रोज एकसारखाच राहतो. मात्र दोरी आहे म्हणून पट्टे वाटेल तसे ओढूं नयेत. ती झोल राखण्यासाठीं आहे, वजन पेलण्यासाठीं नव्हे.

आतां कोणी विचारील कीं, इतका झोल दिल्यावर पाठ केळ्यासारखी वांकणार नाहीं काय? झोळीच्या मधल्या रेषेवर उभें निजलें तर वांकेल खरी. परंतु झोळीच्या मध्यरेषेस तिरपें निजावें; म्हणजे डोकें मध्यरेषेच्या एका बाजूस थोडें सरकवावें व पाय दुसऱ्या बाजूस सरकवावे. असें केलें असतां अंगाखालचें कापड पसरून जवळजवळ सपाट होतें, खांदे दाबले जात नाहींत आणि गुडघे उलटे ताणले जात नाहींत. पायांकडचें टोंक डोक्याकडच्या टोंकापेक्षां सहा-आठ इंच उंच बांधावें. कारण धडाचा भाग पायांपेक्षां जड असल्यामुळें शरीर मधोमध घसरूं पाहतें व ही उंची त्यास थोपवून धरते. झोल असल्याशिवाय तिरपें निजतां येत नाहीं, आणि लांबी असल्याशिवाय झोल व तिरपेपणा हे दोन्ही एकदम साधत नाहींत. लांबीस मीं प्रथम स्थान कां दिलें, हें आतां वाचकांच्या लक्षांत आलें असेल.

मग लांबी किती असावी? अंगाच्या उंचीपेक्षां निदान चार फूट अधिक, आणि साधल्यास पांच फूट अधिक, असा ठोकताळा धरावा. पांच फूट उंचीच्या मुलास नऊ ते दहा फुटांची झोळी पुरते. साडेपांच फुटांच्या मुलास दहा ते साडेदहा फुटांची. आणि त्याहून उंच असलेल्यास अकरा फुटांची घेणें बरें. वाढत्या वयाच्या मुलाची उंची दोन वर्षांत कोठें जाईल ह्याचा नेम नसतो. त्याकरितां पालकांनीं एक पायरी वरचीच लांबी निवडावी. येथें पुष्कळांची एक फसगत होते. बाजारांत ‘सिंगल’ व ‘डबल’ असे दोन प्रकार सांगतात. ‘डबल’ म्हणजे अधिक लांब अशी आपली समजूत होते. परंतु बहुधा ती केवळ अधिक रुंद असते. एका झोळींत दोघांनीं निजणें सुखाचेंहि नाहीं व सुरक्षितहि नाहीं, कारण दोघेहि मधोमध एकमेकांवर घसरतात. रुंदी पांच फुटांच्या आसपास असली कीं एकास पुरे होते. म्हणून ‘डबल’ ह्या शब्दावर न जातां लांबीचा आंकडा विचारावा, आणि तो केवळ कापडाचा आहे कीं दोन्हीकडच्या दोऱ्या धरून आहे, हेंहि विचारावें. शक्य असल्यास फुटपट्टीची फीत बरोबर न्यावी.

झोळ्यांचे मुख्य प्रकार तीन. पहिला, दोन्ही टोकांस लांकडी दांड्या घालून कापड पसरलेलें असतें तो. चित्रांत हा मोठा मोहक दिसतो, पण निजण्यास तो कुचकामाचा आहे. दांड्यांमुळें ती सपाट व ताणलेली राहते, निजणाराचें वजन उंच राहतें, आणि कुशीवर वळतांच ती उलटून मनुष्य जमिनीवर येतो. शिवाय दांड्यांचें ओझें वाहावें लागतें तें निराळेंच. दुसरा प्रकार जाळीचा. जाड सुताची, दाट विणीची मोठी जाळी घराच्या ओसरीवर चांगली. परंतु बारीक दोऱ्यांची आंखूड जाळी मुलांच्या हातीं कधींहि देऊं नये. चढतां-उतरतां ती पिळली जाते व गळ्याभोंवतीं आवळते. अशा लहान जाळ्यांत गुरफटून मुलें दगावल्यामुळें सन १९९६ सालीं अमेरिकेंतील ग्राहक-सुरक्षा आयोगानें सुमारें तीस लक्ष जाळ्या बाजारांतून परत घेवविल्या. तिसरा प्रकार साध्या अखंड कापडाचा, ज्याचीं दोन्ही टोंकें चुणून एकत्र बांधलेलीं असतात. विद्यार्थ्यानें पहिली झोळी घ्यावयाची ती हीच. ती लवकर उलटत नाहीं, दोन्ही कडा वर येऊन अंगास धरून ठेवतात, आणि तिची घडी हातरुमालाच्या गांठोड्याएवढी होते.

कापड कोणतें असावें? सुती कापड अंगास गार व मऊ लागतें. परंतु तें जड असतें, पावसांत पाणी पितें व दोन-दोन दिवस वाळत नाहीं. घरच्या अंगणास तें योग्य. पाठीवर वाहण्यास नव्हे. रानासाठीं नायलॉन किंवा पॉलिएस्टर घ्यावें. नायलॉन थोडें ताणतें म्हणून मऊ वाटतें. पॉलिएस्टर कमी ताणतें व ओलें झालें तरी फारसें सैल पडत नाहीं. दोन्ही चालतील. कापडाच्या एका अंगावर पाणी अडविण्याचा लेप नसावा, कारण लेप असला म्हणजे अंगाचा घाम बाहेर जात नाहीं. ही परीक्षा दुकानांतच करतां येते : कापडास ओंठ लावून फुंकर मारावी, वारा थोडाफार पलीकडे गेला तर कापड ठीक आहे. नंतर टोकांची शिवण पाहावी. ज्या नळींतून दोरी जाते ती निदान दोन-तीन ओळींनीं शिवलेली असावी, आणि धागे सुटलेले किंवा टांके ओढून भोकें पडलेलीं नसावीं. झोळी बहुधा मधोमध फाटत नाहीं. ती टोकांशीं दगा देते.

आतां पट्टे. स्वस्त झोळीबरोबर दुकानदार बारीक नायलॉनच्या दोन दोऱ्या देतात. त्या दोऱ्यांनीं झोळी झाडास बांधूं नये. एक तर त्या ताणत राहतात व पहाटेपर्यंत निजणारा जमिनीस टेकतो; आणि दुसरें, त्या झाडाच्या सालींत रुततात. झाडाच्या पानांनीं तयार केलेलें अन्न मुळांकडे जातें तें सालीच्या आंतील थरांतून, हें आपण वनस्पतिशास्त्रांत शिकलांच आहां. दोरीनें ती साल सर्व बाजूंनीं चिरडली गेली, तर झाडाची उपासमार सुरू होते. म्हणून निदान एक इंच रुंदीचे, आणि कोवळ्या सालीच्या झाडांसाठीं दीड-दोन इंच रुंदीचे, पॉलिएस्टरचे विणीव पट्टे घ्यावे. ते दहा-बारा फूट लांब असले, म्हणजे जाड बुंध्याभोंवतीं वेढा घेऊनहि पुरतात. पट्टा व झोळी जोडण्यास झडपेची कडी, म्हणजे कॅराबिनर, वापरतात. तिच्यावर भार किती पेलेल हें ‘किलोन्यूटन’ ह्या परिमाणांत कोरलेलें असतें. एक किलोन्यूटन म्हणजे सुमारें १०२ किलोग्रॅमचा भार. बारा किलोन्यूटनची कडी झोळीस पुरेपूर आहे. किल्ल्या अडकविण्याच्या शोभेच्या कड्यांवर असा आंकडा नसतो. त्या दिसण्यांत तशाच असल्या तरी त्यांवर आपलें अंग टाकूं नये.

झोळी कशास बांधावी हा प्रश्न तिच्या निवडीइतकाच महत्त्वाचा आहे. घराच्या कुंपणाचा खांब, गच्चीचा कठडा, विटांचा सुटा स्तंभ ह्यांस ती कधींहि बांधूं नये. हे बांधकाम वरून येणारा भार पेलण्यासाठीं असतें. आडवी ओढ सोसण्यासाठीं नसतें. सन २०२० सालीं अमेरिकेंतील ओहायो राज्यांत विटांच्या खांबास बांधलेल्या झोळींत दोन बहिणी बसल्या असतां तो खांबच त्यांच्या अंगावर कोसळला व दोघींचा अंत झाला. वर दिलेले ताणाचे आंकडे केवळ परीक्षेसाठीं नाहींत, हें ह्यावरून ध्यानांत यावें.

झाड निवडतांना तें जिवंत, खोल मुळांचें व निदान सहा इंच व्यासाचें असावें. बुंध्यास खांदा लावून ढकलून पाहावें. शेंडा हलला तर दुसरें झाड शोधावें. आंबा, जांभूळ, हिरडा ह्यांचीं जुनीं झाडें विश्वासाचीं. शेवगा ठिसूळ म्हणून सर्वांस माहीतच आहे. गुलमोहोराच्या फांद्याहि वाऱ्यांत मोडतात व पावसाळ्यांत तो मुळासकट आडवा होतो. सांवर व पांगारा ह्यांस कांटे असतात. कोंकणांत नारळाचा बुंधा मजबूत असला तरी वरून नारळ किंवा झावळी केव्हां सुटेल ह्याचा नेम नाहीं, म्हणून फळें लागलेल्या माडाखालीं निजूं नये. कोणत्याहि झाडाखालीं उभें राहून प्रथम वर पाहण्याची संवय लावून घ्यावी : वाळलेली लोंबती फांदी, आग्या मोहोळ, पानें चिकटवून केलेलें तांबड्या मुंग्यांचें घरटें, ह्यांपैकीं कांहीं दिसल्यास मुकाट्यानें पुढें जावें. वीज कडाडत असतां झाडांस बांधलेल्या झोळींत राहूं नये. देवराईंत गांवकऱ्यांस विचारल्यावांचून, आणि अभयारण्यांत वनखात्याच्या परवानगीवांचून मुक्काम करूं नये.

दोन झाडांमधील अंतर बारा ते पंधरा फूट असल्यास उत्तम. दहा-अकरा फुटांची झोळी अशा अंतरावर टांगावयाची, तर पट्टे झाडावर सुमारें साडेपांच ते सहा फुटांवर बांधावे लागतात, आणि बसल्यावर झोळीचा तळ खुर्चीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारें दीड फुटावर येतो. नवशिक्यानें ह्याहून उंच टांगूं नये. एकाच्या झोळीवर दुसऱ्याची झोळी टांगण्याचा खेळ मुलें हौसेनें करतात. शिबिराच्या प्रमुखांनीं त्यास सक्त मनाई करावी.

झोळी व पट्टे घेतल्यावर पैसे उरतील ते कोठें खर्चावे, ह्याचा क्रम आपल्या हवेकडे पाहून ठरवावा. प्रथम डांसांची जाळी. आपल्या प्रदेशांत हिंवताप व डेंग्यू हे दोन्ही रोग डांसांमुळें होतात, आणि झोळीचें पातळ कापड पाठीखालीं ताणलेलें असतां डांस त्यांतूनहि सोंड खुपसतो. म्हणून झोळीस सर्व बाजूंनीं, खालूनहि, वेढणारी जाळी घ्यावी. जाळीचा दुसराहि एक लाभ आहे. मण्यारीचा दंश बहुधा रात्रीं जमिनीवर निजलेल्या माणसास होतो. जमिनीपासून दीड फूट वर, बंद जाळींत निजणारा त्या भयापासून बऱ्याच अंशीं दूर राहतो. मात्र खालीं काढून ठेविलेल्या बुटांत विंचू शिरूं शकतो, ह्याकरितां सकाळीं ते झटकल्याशिवाय पायांत घालूं नयेत. आणि रात्रीं उतरतांना प्रथम विजेरीचा प्रकाश खालीं टाकावा.

नंतर पावसाचें छत. तें झोळीच्या दोन टोकांमधील अंतरापेक्षां दोन्हीकडे निदान अर्धा-अर्धा फूट अधिक लांब असावें, म्हणजे तिरपा पाऊस टोकांवर येत नाहीं. छत कितीहि चांगलें असलें, तरी झाडावरून उतरलेलें पाणी पट्ट्यावरून ओघळत झोळींत येतें. त्यास उपाय अगदीं सोपा : छताच्या आंतल्या बाजूस, पट्ट्याच्या झोळीकडील टोंकाशीं, वीतभर सुतळीचा तुकडा बांधून खालीं लोंबत सोडावा. पाणी त्या सुतळीवरून खालीं गळून जातें.

तिसरी गोष्ट थंडीची, आणि हिच्याविषयीं नवशिक्या माणसाची हमखास चुकीची कल्पना असते. हिंवाळ्यांत घाटमाथ्यावर झोळींत निजणारास वरून जाड पांघरूण असूनहि खालून हुडहुडी भरते. ह्याचें कारण असें. पांघरुणाची ऊब कापसांत किंवा पिसांत नसते. त्यांत अडकलेल्या हवेंत असते. अंगाखालीं आलेलें पांघरूण वजनानें दाबलें जातें, त्यांतील हवा निघून जाते, आणि झोळीच्या तळास वारा लागून पाठ थंड पडते. म्हणून पाठीखालीं फोमची चटई घालावी. ती दाबली तरी फारशी चेपत नाहीं. अथवा घरची हलकी गोधडी झोळीच्या बाहेरून, तळास लागून पण न दाबतां, दोन्ही टोंकांशीं बांधून टांगावी. ती अंगाखालीं चिरडली जात नाहीं, म्हणून तींतील हवा कायम राहते व पाठ उबदार राहते. ह्याच कामासाठीं दुकानांत निराळी रजई महाग मिळते; परंतु पहिल्या वर्षीं आजीची गोधडी पुरे.

झोळी कोणी घेऊं नये, हेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे. ज्यांस पालथें निजण्याची संवय आहे त्यांस ती सोसणार नाहीं. अगदीं लहान मुलांस तींत एकटें निजवूं नये. आणि ज्यांचें मन केवळ उघड्या माथ्याच्या गडांवर व कोंकणांतील कातळसड्यांवर रमतें, त्यांनीं तर पैसे तंबूसाठींच जपून ठेवावे. कारण तेथें कोसभर हिंडूनहि हव्या त्या अंतरावर उभीं असलेलीं दोन झाडें सांपडत नाहींत. झोळी हें झाडींतलें अंथरूण आहे, माळावरचें नव्हे.

शेवटीं एक विनंती. नवी झोळी घेतल्याबरोबर ती बांधून शिबिरास जाऊं नये. प्रथम घराजवळच्या दोन झाडांस ती टांगावी. तळाखालचे दगड, कांटे वेंचून काढावे. गुण्या लावून कोन पाहावा. मग हातानें दाबून, नंतर हळूहळू बसून भार द्यावा. गांठ सरकते कीं काय हें पाहावें. मध्यावर बसून कापड पाठीमागें पसरावें, पाठ टेकावी, आणि शेवटीं पाय आंत घेऊन तिरपें व्हावें; उतरतांना हाच क्रम उलट करावा. तास-दोन तास निजून पाहिल्यावर, वडिलांच्या देखरेखीखालीं एक सबंध रात्र तींत काढावी. कोठें दुखतें, कोठें थंडी शिरते, पट्टा किती उतरतो, हें त्या एका रात्रींत जितकें कळतें तितकें दहा दुकानदारांस विचारून कळत नाहीं. आणि अडचण आलीच तर घराचें दार दहा पावलांवर असतें.

पालकांनीं मुलास दुकानांत नेऊन स्वस्तांतली पहिली झोळी हातीं देण्यापेक्षां, ती मोजावयास, फुंकून पाहावयास व तिच्या ताणाचा हिशेब करावयास त्यालाच सांगावें. ज्या दोन पट्ट्यांवर आपला जीव टांगावयाचा, त्यांची परीक्षा आपल्या हातानें करावयास शिकणें, हेंहि शिबिराचेंच शिक्षण आहे. तेव्हां विद्यार्थिमित्रहो, उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं खरेदीस निघाल, तेव्हां मोजण्याची फीत व कंपासपेटींतला गुण्या खिशांत ठेवावयास विसरूं नका.